सोनं लुटण्यापूर्वी पान पाहा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या नाशिकला रविवार कारंज्यावर ‘सोन्या’चे ढीग लागतात. त्यातली आपट्याची पानं किती, हे कधी पाहिलंत? पुष्कळदा कांचनाचीच पानं सोनं म्हणून खपतात.

फसायला होतं खरं. पान दोन्हींचं मधोमध चिरलेलं. दोन्ही झाडं ‘बौहिनिया’ या एकाच प्रजातीतली. बॉहिन नावाचे दोघे भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हे जोडपान पाहून त्यांच्यावरून नाव पडलं. तेव्हा नुसत्या चिरेवर भरवसा ठेवू नका, ती बहुतेक भावंडांत आहे.

पान हातात घेऊन बघा. आपट्याचं लहान, जाडसर, हाताला चरबरीत लागणारं आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, तळहात भरेल एवढं, नि पातळ. झाडच समोर असेल तर मग प्रश्नच नाही. आपटा वेडावाकडा वाढतो, फांद्या खाली झुकलेल्या, साल काळपट नि खडबडीत. उन्हाळ्यात त्याला बारीक, फिकट पिवळ्या फुलांचे तुरे येतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. शेंगा मात्र लाकडासारख्या कडक होऊन महिनोन् महिने झाडावरच राहतात. कांचनाची फुलं मोठी, गुलाबी-जांभळी, नाहीतर पांढरी. त्याची शेंग वाळली की फटकन् उकलते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात दोन्ही पानं फिरवली, तर एकानं विचारलं, “बाई, मग आमच्या घरचं सोनं खोटं का हो?” म्हटलं, खोटं कसलं, कांचन म्हणजे तरी काय, सोनंच की! पण शास्त्रानं अश्मंतक सांगितलाय, तो आपटा.

मला खरी हळहळ वाटते ती देवकांचनाची. तो ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलू लागतो, नि नेमक्या तेव्हाच त्याच्या फांद्या कळ्यांसकट ओरबाडल्या जातात. आपट्याचे तर अख्खे डहाळे येतात आणि संध्याकाळी कचऱ्यात जातात.

आमच्याकडे आता पूजेपुरतं एक पान आणतो. वाटायला तिळगुळासारखं काहीतरी करते. सासूबाई पहिल्या वर्षी कुरकुरल्या. यंदा मात्र पिशवी देताना स्वतःच म्हणाल्या, “एकच आण, पण आपट्याचंच आहे ना, तेवढं बघून घे गं.”