हिंजवडीस अनावृत पत्र

प्रिय हिंजवडी,

‘कंपन्या बंगळुरू-हैदराबादला निघाल्या’ अशी हाकाटी तुझ्या नावाने पुन्हा पुन्हा उठते. पण बंगळुरूतच सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला आणि अभियंते ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले. 2024 च्या उन्हाळ्यात त्याच शहरात पाण्याचे वांधे झाले. पळून जायचं तरी कुठे? म्हणून तुझ्याशीच बोलते.

पुण्याजवळचं भातखाचरांचं गाव होतीस तू. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं आणि लातूर-जळगावच्या मुलामुलींना तुझ्या नोकरीवर गृहकर्ज मिळू लागलं. ज्यांच्या घरात पहिला मोठा पगार तुझ्यामुळे आला, त्यांना ‘आता वाढ पुरे’ असं मी कधीच सांगणार नाही.

माझं म्हणणं ओढ्यांबद्दल आहे. टेकड्यांवरून उतरणारं पाणी माण-मारुंजीच्या शिवारातून मुळा नदीकडे जायचं. बांध घातलेलं खाचर ते धरून ठेवायचं आणि सावकाश पुढे सोडायचं. खाचरांवर पार्किंगचं काँक्रीट पडलं, ओढे कुठे वळवले, कुठे बुजवले. मग 2025 च्या पावसात रस्ते बुडाले, यात नवल काय? तक्रार न्यावी तर रस्ता एमआयडीसीचा, शेजारच्या टॉवरची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए), कचरा ग्रामपंचायतीचा आणि वाकडच्या बाजूला पाऊल टाकलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. ओढा मात्र यांतलं कुणीच आपला म्हणत नाही.

उन्हाळ्यात याच्या उलट. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा, सेक्रेटरी चावी घेऊन टाकीच्या झाकणापाशी, आणि खाली तळघरातला सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी विजेचं बिल झेपत नाही म्हणून बंद. ते मैलापाणी मुळेत जातं आणि नदी जलपर्णीखाली झाकली जाते. ‘पाणी आम्ही पुरवू’ असं बिल्डर परवानगी घेताना हमीपत्रात लिहून देतो. टँकरची वर्गणी पुढे रहिवासी भरतात.

चांगली माणसं का टिकत नाहीत, याचं उत्तर कंपन्या पगाराच्या आकड्यांत शोधतात. नोकरी बदलणारी मुलगी आता पाणी किती दिवस येतं, ऑफिस गाठायला किती वेळ लागतो, हेही विचारते. तुझ्यापासून शिवाजीनगरपर्यंतच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. त्यानंतरची वर्षं तिने आणि तिच्यासारख्यांनी कॅबमध्ये काढली. नदी, रस्ता आणि नोकरी तिच्या दिवसात वेगवेगळ्या नसतात. आपणच त्यांची वेगळी खाती पाडली आहेत.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात कंपनीने वापरलेलं पाणी मोजलं जातं. कर्मचाऱ्याच्या घरी आलेला टँकर मोजला जात नाही. कुणी सक्ती करायची वाट न पाहता तुझ्या कंपन्यांनी तोही मोजावा. कामाची माणसं जिथे राहतात, तिथलं पाणी हा त्यांच्या धंद्याचाच कच्चा माल आहे.

आणि एक काम येत्या पावसाळ्याआधी. जुन्या गावनकाशावरचा प्रत्येक ओढा जागेवर जाऊन ताडून पाहायचा. खर्च हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशनने उचलावा, सोबत गावातली जुनी जाणती माणसं घ्यावीत. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, आणि त्यावरचा ओढा मोकळा झाल्याशिवाय त्याच्या काठच्या एकाही नव्या टॉवरला परवानगी मिळू नये.

कळावे,
तुझी एक शेजारीण