जळालेल्या छापखान्याचे छायाचित्र

जुन्या गावांच्या छायाचित्रांत आगीची छायाचित्रे हमखास असतात. भरपेठेत एखादी इमारत जळाली की गाव गोळा होई आणि छायाचित्रकारही येई. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात केप फिअर नदीकाठच्या विल्मिंग्टनचे असेच एक छायाचित्र आम्ही पाहिले आणि सुन्न झालो.

दुमजली लाकडी इमारत, वरचा मजला जळालेला. समोर गोऱ्या लोकांचा जमाव उभा आहे. हातांत बंदुका आहेत. आग लावणाऱ्यांनीच तिच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतले होते!

ही इमारत म्हणजे 'डेली रेकॉर्ड' या काळ्या लोकांच्या दैनिकाची कचेरी. संपादक होते अलेक्झांडर मॅनली. त्या वेळी विल्मिंग्टनची वस्ती सुमारे २० हजार आणि त्यांत काळे लोक बहुसंख्य. त्यांची दुकाने होती, नगरपालिकेत त्यांचे प्रतिनिधी होते. काळ्या पुरुषांना जमावाने ठार मारावे, असे सांगणाऱ्या एका भाषणाला मॅनली यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये अग्रलेखातून सडेतोड उत्तर दिले. तेच निमित्त झाले.

१० नोव्हेंबर १८९८ रोजी सकाळी आल्फ्रेड वॉडेल याच्या पुढारीपणाखाली शेकडो सशस्त्र लोक सातव्या रस्त्यावरील या कचेरीवर चालून गेले. छापखाना मोडला, इमारत पेटली. मॅनली आधीच गाव सोडून गेल्याने वाचले. मग शहरात काळ्या लोकांची कत्तल झाली. किती मेले याचा नक्की आकडा आजही नाही. त्याच दिवशी लोकांनी निवडलेल्या नगरपालिकेला राजीनामा द्यायला लावून वॉडेल स्वतः महापौर झाला. १९०० साली राज्यघटनेत दुरुस्ती करून साक्षरतेच्या अटीने काळ्यांचा मतदानाचा हक्कही हिरावला गेला.

वाचकहो, पुढे कित्येक वर्षे या प्रकाराला 'दंगल' म्हटले गेले आणि दोष काळ्यांच्याच माथी मारला गेला. राज्याने २००० साली चौकशी आयोग नेमला. हा सारा कट पूर्वनियोजित होता, हे २००६ च्या अहवालात स्पष्ट झाले. २००८ साली गावात स्मारक उभे राहिले: कांस्याची सहा उंच वल्ही.

आम्हाला मात्र एक गोष्ट बोचत राहिली. जाळणाऱ्यांचे छायाचित्र जगभर पोहोचले. जाळलेल्या दैनिकाचे अंक मात्र अगदी मोजकेच उरले आहेत. त्या दैनिकात कोणाचे लग्न छापले होते, कोणती मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली होती, कोणाचे दुकान नवे निघाले होते, हे बहुतेक त्या आगीतच गेले. शत्रूने काढलेल्या चित्रावरून एखाद्या समाजाची ओळख राहावी, यासारखे दुर्दैव नाही.

म्हणून घरोघरी एवढे करावे. जुने अंक, सभेची पत्रके, आजोबांचे छायाचित्र रद्दीत घालू नये. मागे नाव, गाव, साल लिहून पेटीत जपून ठेवावे. आपली हकिकत आपल्याच घरात राहिली पाहिजे.