पात

आमच्या लातूरकडच्या काळ्या रानात तेव्हा खरिपाला ज्वारी असायची, तिच्यात तुरीचे तास, कडेला अंबाडी. एका तुकड्यात मूग. मूग निघाला की दादा कुळवाच्या दोन-तीन पाळ्या घालायचे. उगवलेलं तण बी धरायच्या आत उन्हात पडायचं आणि त्यावर रब्बीची ज्वारी पेरली जायची.

ज्वारीवर ज्वारी घेतली की टारफुला यायचा. तो मुळाला चिकटून रस पितो. जमिनीच्या वर दिसेपर्यंत ज्वारी खंगलेली असते. दादा त्या तुकड्यात पुढच्या साली कापूस टाकायचे. कापसाच्या मुळांजवळ टारफुल्याचं बी उगवतं, पण कापसावर त्याला जगता येत नाही, हे मी पुढं वाचलं. दादा एवढंच म्हणायचे, "पीक बदललं की पीडा हटती."

कोळपं दोन तासांमधलं तण काढतं. रोपाच्या बुडातलं खुरप्यानंच निघतं, आणि ते काम मायचं. आठ-दहा बाया ओळीनं बसायच्या, एकेकीला एक पात. केना उपटून तिथंच टाकला आणि पाऊस आला, तर त्याच्या कांड्याकांड्याला मुळ्या फुटतात. माय तो ओट्यात भरून बांधाबाहेर नेऊन टाकायची. "रानात ठिवू नका गं बायांनो, मेलेलं बी उठतंय." तांदुळजा, घोळ, कुर्डू वेगळं निघायचं. सांजच्याला भाजी त्याचीच.

मग सोयाबीन आलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत एकच पीक, दरसाल. बैल विकले, कोळपं आढ्याला टांगलं. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत तणनाशकाचा पंप पाठीवर. त्याला मी वाईट म्हणत नाही. झड लागली की वाफसा येत नाही, बाया मिळत नाहीत, आणि पहिला महिना तणात गेला की सोयाबीनचा उतारा घटलाच. मायचे गुडघे खुरपण्यात गेले. ज्यानं कधी पात धरली नाही, त्यानं फवारणीला नावं ठेवू नयेत.

पण दरसाल तेच पीक आणि तेच औषध. त्याला मरणारी तणं मेली, तगलेल्याला सगळं रान मोकळं मिळालं. आमच्यात तो केना निघाला. तो वर बी धरतो तसं जमिनीखालीही धरतो. तांदुळजा मात्र दिसेनासा झाला. आणि ज्या बायांना स्वतःचं रान नव्हतं, त्यांचा श्रावणातला रोज बुडाला. त्याच पैशात लेकरांची वह्या-पुस्तकं व्हायची.

आता मी सोयाबीनच्या चार ओळींना दोन ओळी तुरीच्या धरतो. एका तुकड्यात ज्वारी परत आणली. एक फवारणी, रोजानं बैल आणून एक कोळपणी, आणि उरलेल्या केन्याला खुरपं. बायांना चार-सहा दिवसांचं काम मिळतं. केना गेलेला नाही, पण पहिल्यासारखा पसरतही नाही.

मायला आता बसवत नाही. ती बांधावर पाटी घेऊन उभी राहते आणि नव्या पोरींना सांगते, "केना हितं टाका गं, रानात नको."