पसंतीक्रम एक

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या थोरलीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरला. तिने भरला, असं म्हणायला हवं. पण माऊस माझ्या हातात होता.

आम्ही सांगवीत राहतो. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. कुठला जॉब कुठल्या मशीनवर आधी लावायचा, कुठला थांबवायचा, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे कॉलेजांची यादी लावणं मला फार अवघड वाटलं नाही. जास्तीत जास्त दहा कॉलेजं लिहायची होती. लेकीला शिवाजीनगरचं एक कॉलेज हवं होतं. तिथली प्रयोगशाळा तिने शाळेच्या सहलीत पाहिली होती. मी ते दोन नंबरला टाकलं आणि एक नंबरला घराजवळचं लिहिलं.

"अब्बा, ते वर घ्या ना," ती म्हणाली.

"वरचं हुकलं तर खालचंही हातातून जातं, बेटा. हिशेब असतो त्यात," मी म्हणालो.

हिशेब वेगळाच होता. मुळेचा पूल ओलांडून रोज बसने जाणं, संध्याकाळची गर्दी, तिच्या डोक्यावरचा स्कार्फ, त्यावरून कुणी काही बोललं तर, आणि नातेवाइकांचं 'मुलीला एवढ्या लांब कशाला?' यातलं काहीही मी तिला बोललो नाही. हिशेबाचं नाव पुढे केलं.

पहिल्या यादीत घराजवळचं कॉलेज लागलं. नियम असा की, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. शिवाजीनगरच्या कॉलेजचा कटऑफ तिने मोबाइलवर पाहिला. तिचे गुण त्याहून जास्त होते. ती काही बोलली नाही. विचारणाऱ्यांना मी सांगत राहिलो, "काय करणार, कॉम्प्युटरने दिलं."

त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, जेईईच्या गुणांवर 'जोसा'चा फॉर्म भरायची वेळ आली. या वेळी लॅपटॉप तिच्यासमोर होता. जागावाटप नेमकं होतं कसं, हे शोधता शोधता तिला एक शोधनिबंध सापडला. अर्थशास्त्र आणि संगणनाची एक आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी भरते. माणसांनी घ्यायचे निर्णय गणिताने कसे मांडायचे आणि संगणकाकडून कसे करून घ्यायचे, याची तिथे चर्चा होते. २०१९ ची परिषद अमेरिकेत फिनिक्सला झाली. तिथे आपल्याच आयआयटी प्रवेशांवरचा हा निबंध होता. पाच लेखकांमध्ये आयआयटी मुंबईचे शरत चंद्रन, आयआयटी कानपूरचे सुरेंदर बसवाना आणि कोलंबिया विद्यापीठाचे यश कनोरिया होते.

२०१५ पूर्वी आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश वेगवेगळे चालत. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि शेवटी त्यातली एक रिकामी राही. या लोकांनी सुमारे ८० संस्थांमधल्या पाचशेहून जास्त अभ्यासक्रमांचं वाटप एकत्र आणलं. पाया होता डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत. याच विषयातल्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

लेकीने मला ती पद्धत चहा पिता पिता समजावली. प्रत्येक मुलगा आधी आपल्या पहिल्या आवडीच्या दारात जातो. कॉलेज लगेच कुणालाच पक्का होकार देत नाही, गुणवत्तेप्रमाणे जागा तात्पुरत्या धरून ठेवतं. ज्याला नकार मिळतो तो आपल्या दुसऱ्या आवडीच्या दारात जातो. तिथे आधी बसलेल्यापेक्षा त्याची गुणवत्ता जास्त असेल, तर बसलेल्याला उठावं लागतं. कुणालाच उठावं लागत नाही तेव्हा यादी पक्की होते.

"म्हणजे आधी मोठ्या दारात जाऊन आलो म्हणून दुसऱ्या दारात आपली जागा जात नाही," ती म्हणाली. "खरी आवड क्रमाने लिहिणाऱ्याचा तोटा होत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय, अब्बा. अकरावीचं वाटपही गुणांच्या क्रमानेच होतं. ज्याचा नंबर लागला त्याची यादी वरून खाली बघायची, जी पहिली जागा शिल्लक ती त्याची. दहाच नावं लिहायची असतात म्हणून त्यात एखादं हमखास मिळणारं ठेवावं. पण क्रम खराच लिहावा."

मी रिकामा कप बशीत फिरवत बसलो.

मग मीही थोडं वाचलं. माझी भीती अगदीच निराधार नव्हती, ती दुसऱ्या शहरातली होती. अमेरिकेत बोस्टनच्या शाळांमध्ये आधी पहिली पसंती लिहिणाऱ्यांनाच जागा देत. तिथे वरचं हुकलं तर खालचं खरंच भरून गेलेलं असे. आईबापांना खोटी यादी करण्यातच शहाणपण वाटे. अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तैफुन सोनमेझ या दोन तुर्की अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये हा दोष मांडला आणि २००५ मध्ये बोस्टनने पद्धत बदलली. नियम असा हवा की खरं बोलणाऱ्याला शिक्षा होऊ नये. त्यांच्या म्हणण्यातून मी एवढंच घेतलं.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. कुठल्या प्रवर्गाला किती जागा, न भरलेल्या राखीव जागांचं काय करायचं, हे यंत्राने ठरवलेलं नाही. ते माणसांनी, कायद्याने ठरवलं आणि यंत्राने पाळलं. आपल्या समाजात प्रवेश, कर्ज, नोकरी, कशाचाही नकार आला की 'सिस्टीममध्येच बसत नाही' हे उत्तर ऐकायची सवय झाली आहे. त्या उत्तराची चीड मला येते. सिस्टीम कुणीतरी लिहिलेली असते, तो कोण ते सांगा, असं मी कितीदा तरी बोललो आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच लेकीला, मी तेच उत्तर दिलं होतं.

अजून एक कबुली. निर्णयाआधी आपल्याकडे इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे दुआ मागायची की, यात माझं भलं असेल तर ते सोपं कर, नसेल तर मला त्यापासून दूर ठेव. अम्मीने आठवण केली होती. मी नमाज पढलो, पण फॉर्म लॉक केल्यावर. ज्यात आधी विचारायचं असतं, त्यात मी नंतर शिक्का मागितला. आणि मशवरा, म्हणजे जिचं आयुष्य आहे तिच्याशी सल्लामसलत, ती तर केलीच नव्हती.

त्या रात्री मी लेकीला सगळं सांगितलं. बस, स्कार्फ, नातेवाईक, सगळं. माफी मागितली. ती बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिली.

"तुम्हाला भीती वाटत होती, हे सांगितलं असतंत तर मी कदाचित स्वतःच जवळचं कॉलेज लिहिलं असतं," ती म्हणाली. "किंवा भांडले असते. कॉलेजचं मला एवढं वाईट नाही वाटलं, अब्बा. तुम्ही कॉम्प्युटरचं नाव घेतलंत, त्याचं वाटलं."

मग तिने यादी केली. पहिली काही नावं महाराष्ट्राबाहेरची होती. ती वाचताना पोटात गोळा आला, आणि या वेळी मी तो बोलून दाखवला. तिने ऐकून घेतलं. एक नाव काढलं, बाकीची ठेवली, आणि फॉर्म तिनेच लॉक केला.

आता धाकट्याच्या अकरावीच्या फॉर्मची पाळी आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर दहा नावं लिहून ठेवली आहेत. पहिलं मला पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते त्याला समोर बसवून सांगणार आहे. माऊस त्याच्याच हातात राहील.