बांबू आणायला कोण जाणार?

गल्लीत कुणी गेलं की पहिला प्रश्न बांबूंचा निघायचा. आतून बायकांचा हंबरडा ऐकू यायचा, बाहेर कट्ट्यावर माणसं जमायची आणि त्यातला एखादा जाणता हळू आवाजात विचारायचा, "बुरूड गल्लीत कोण जातंय?" मग एक जण सायकलवर बांबूंना, दुसरा कुंभाराकडे मडक्याला, तिसरा तार करायला. तालमीतली पोरं न बोलावता यायची. घरच्या माणसाला कुणी काही विचारत नसे. त्यानं भिंतीला टेकून बसायचं आणि रडायचं, एवढंच त्याचं काम.

आता पहिला प्रश्न दाखल्याचा असतो. मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा कागद, गेलेल्याचं आधार कार्ड, शववाहिनीचा नंबर. आणि ही धावपळ करायची ती बहुतेक वेळा घरच्याच मुलानं किंवा मुलीनं, एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्या हातात मोबाइल धरून. दाखला हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत्यू २१ दिवसांत कळवावा लागतो आणि त्या नोंदीवाचून पेन्शन, विमा, बँकेचं खातं काहीच पुढं सरकत नाही. आमच्या आज्यांच्या काळात "पोटात दुखत होतं म्हणे" एवढ्या बोलण्यावर एखादी तरणी सून दोन तासांत जाळून लोक मोकळे होत. ती कशानं गेली, हे विचारणारा कागद तेव्हा असता तर फार बरं झालं असतं.

तरीही कोल्हापूरच्या पेठांत वाढलेल्या आमच्या पिढीला ती तिरडी बांधण्याची अर्धी-पाऊण घटका विसरता येत नाही. ते काम कुणी मुद्दाम शिकवत नसे. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा नुसता बघत उभा दिसला की "धर रे हे टोक" म्हणून सुतळी त्याच्या हातात यायची. दोन ओले बांबू समांतर ठेवायचे, त्यांवर कामट्या आडव्या, पाठीखाली दाट आणि पायांकडे विरळ. प्रत्येक गाठ ओढून आवळायची. सुतळी तळहाताला काचायची, बांबूच्या कुसळ्या बोटांत जायच्या. वर पेंढा, त्यावर कोरं पांढरं कापड. मग जाणता माणूस मधोमध गुडघा टेकून सगळा भार टाकून बघायचा आणि एखादी गाठ नापसंत पडली तर सोडून परत बांधायला लावायचा. ज्यांनी दिवाळीला आमच्या हातावर पहिला रुपाया ठेवला, त्यांच्या पाठीखालची कामटी आम्ही आवळत होतो. रडू यायचंच, पण हात थांबत नसत.

आता दुकानात सगळं साहित्य एका पिशवीत मिळतं. मडकं, पंचा, काळे तीळ, तूप, कापूर, सुतळीसुद्धा. बांबू कापून आणि बहुतेकदा बांधूनच येतात. हॉस्पिटलातून घरी न आणता परस्पर नेलं तर तेही लागत नाहीत, स्टीलचं स्ट्रेचर असतं. मोठ्या शहरांत तर अंघोळीपासून अस्थिविसर्जनापर्यंत सगळ्याचं एकत्र पॅकेज घेता येतं. ज्यांची दोन्ही मुलं परदेशात आहेत आणि शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांनी दुसरं काय करावं? मुलगा विमानात असेपर्यंत आईला शीतपेटीत ठेवता येतं, म्हणून त्याला तिचं तोंड तरी दिसतं. आमच्या वेळी तारेवर तार करूनही मुंबईचा मुलगा पोचायचा तो रक्षाविसर्जनाला.

तारेची भीती किती होती! पोस्टमननं अवेळी कडी वाजवली की घरातली बाई मटकन खाली बसायची, मग भले तार नातू झाल्याची असो. पत्रानं बातमी आली तर कार्डावर वर 'श्री' नसायचं. ते कार्ड उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घेऊन मगच घरात यायचं. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, कार्डं त्याच्या आधीच आटली होती. आता जेवता जेवता फोनवर फोटो येतो, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि त्याच रांगेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. बातमी मिनिटात पोचते हे चांगलंच. पण ती ऐकून उठावं, अंघोळ करावी, त्या माणसासाठी दिवसातलं काहीतरी थांबवावं, ते राहून गेलं.

आणि त्या आधीच्या काळी ही बातमी कोण पोचवत होतं, हेही लपवून चालणार नाही. गावोगाव उन्हापावसात मयताचा सांगावा घेऊन पळायचं ते महारांनी, वतनाच्या नावाखाली, जवळजवळ फुकट. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातली महारवतनं रद्द केली, तेव्हाच्या मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. ज्यांनी सांगावा नेला त्यांचं सरण मात्र गावाच्या स्मशानात रचू दिलं जात नव्हतं. न बोलावता माणसं येत, असं मी वर लिहिलं. येत होती ती आपापल्या जातीत, आपापल्या आळीत.

बायकांचं तर बोलायलाच नको. नवऱ्याचं प्रेत दारात असताना त्याच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचं, आणि हे करायला तिच्याच नात्यातल्या बायका पुढं व्हायच्या. आम्ही लहानपणी दाराआडून ते पाहिलंय, काचांचा तो आवाज अजून सहन होत नाही. म्हणून शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्यातल्या कित्येकींना भरून आलं. मुली आता खांदा देतात, मडकं धरतात, अग्नी देतात. कुणी देहदान करतं. हे आमच्या डोळ्यांदेखत बदललं आणि यातलं काहीही परत फिरावं असं वाटत नाही.

हळहळ वाटते ती कडू घासाची. मातीहून परतल्यावर त्या घरात चूल पेटत नसे. शेजारून आमटी-भात यायचा, कुणी झुणका-भाकरी आणायचं. आणणारी बाई नुसती पातेलं ठेवून जात नसे, ताटं वाढून समोर बसायची आणि "दोन घास खा, पोटात आग पडलीय" म्हणत बळंच भरवायची. निघताना "येते" म्हणायचं नसतं, म्हणून न बोलता उठायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचं पातेलं. आता जेवण मागवता येतं, बारा मिनिटांत दारात येतं आणि नेमकं खावंसं वाटत नाही.

करोनाच्या दिवसांत तर तेवढंही उरलं नव्हतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं माणूस लांबून दाखवत, हात लावू देत नसत. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि कितीतरी ठिकाणी मुसलमान तरुणांनी अनोळखी हिंदूंना अग्नी दिला. त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत. पण शेवटची अंघोळ आपल्या हातानं घालता आली नाही, हे ज्यांचं राहिलं त्यांचं आजही राहिलेलंच आहे.

आमच्या कोल्हापुरात एक गोष्ट मात्र जुनी नसून आम्हाला जिवापाड आवडते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते आणि ते शेणींवर होतं. होळीला मंडळं आणि तालमी लहानशी होळी पेटवतात आणि उरलेल्या शेणी ट्रॉलीत भरून स्मशानभूमीला देतात. त्या कुणाच्या सरणाला लागणार, त्याची जात काय, पेठ कुठली, देणाऱ्याला ठाऊक नसतं. वीस-बावीस वर्षांची पोरं साखळी करून शेणी हातोहात उतरवत असतात.

आमच्या पिढीनं आता मुलांना सांगायला सुरुवात केलीय. दहावा करू नका, कावळ्यासाठी ताटकळू नका, तेराव्याच्या जेवणाचे पैसे एखाद्या वसतिगृहाला द्या. डोळे आधी काढून घेऊ द्या. स्ट्रेचर चालेल, शववाहिनी चालेल. अंघोळ मात्र घरच्यांनी घाला, बाहेरच्या माणसाला सांगू नका. आणि शेजारच्या काकू पातेलं घेऊन आल्या, तर "आम्ही मागवलंय" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.