कांडीचा तोरा

गोठवलेल्या रेताची कांडी तुम्ही पाहिली नसेल, तर या, ओळख करून देतो. अंगकाठी उदबत्तीहून थोडी आखूड. पोटात जेमतेम पाव मिलिलिटर माल. पण त्यात दोन कोटी शुक्राणू, आणि पाठीवर वळूचा नंबर, जात, तारीख, केंद्राचं नाव. एवढ्याशा अंगावर एवढी बिरुदं मिरवणारं गावात दुसरं कुणी नाही.

स्वभाव थंड. मुक्काम उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात. कंटेनरमधला नायट्रोजन आटला की ही कायमची रुसते. मागाहून कितीही ओतला तरी समजूत निघत नाही. बाहेर काढली की ३७ अंशांचं पाणी हवं, तेही अर्धा मिनिट. मग लगेच गाय भरवायची. डॉक्टर चहाला बसले, की हिचं बिनसलं.

घराण्याचा अभिमान भारी. वळू जन्मात थेंबभर दूध देत नाही, पण त्याचा भाव ठरतो लेकींच्या दुधावर. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेला होल्स्टीन वळू पॉनी फार्म आर्लिंडा चीफ असाच मोठा झाला. सोळा हजार लेकी, नातींची तर लाखांत मोजदाद. खोट निघाली फार उशिरा: त्याच्या एपीएएफ१ जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. तीच प्रत बाळगणारे गाय आणि वळू जुळले, की सरासरी चारांतला एक गर्भ पोटातच जिरायचा. असे पाच लाखांवर गर्भ गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दुधाचा नफा मात्र अब्जावधी डॉलरचा, त्यामुळे घराण्याला नावं कोण ठेवणार?

दिखाऊपणातही ही मागे नाही. फ्लेकफी जातीच्या काही वळूंचं रेत सूक्ष्मदर्शकाखाली झकास दिसायचं. शुक्राणू धडधाकट, पळायला तरबेज. पण शंभर वेळा गाई भरवल्या तर गाभण राहायच्या दोन. २०१४ साली चोर सापडला: टीएमईएम९५ हे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं. शुक्राणू बीजांडापर्यंत पोचायचे, पण फलन काही व्हायचं नाही. गंमत म्हणजे हाच बिघाड गाईत असला, तर ती खुशाल विते.

गोठ्यात मात्र चौकशी गाईचीच. उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली? माज ओळखायला चुकलात. खनिज मिश्रण दिलं नसेल. पुष्कळदा ते खरंही निघतं, आणि कांडी त्याच आडोशाला उभी राहते.

अलीकडे तिची थोडी जिरली आहे. आपल्याकडेही रेतकेंद्रात वळू घेण्याआधी त्याची गुणसूत्रं तपासतात, काही आनुवंशिक रोगांची चाचणी करतात. तरी शेवटचा निकाल गाईचाच, तोही एकवीस दिवसांनी. ती पुन्हा माजावर आली नाही, तर नाव कांडीचं. आली, तर डॉक्टरचं.