चोपन्न आजारांची यादी

खोडाळ्याच्या बाजारात गोणपाटावर मुळ्या मांडून बसलेल्या म्हाताऱ्या वैदूला आम्ही आईच्या मधुमेहाविषयी विचारले होते. "त्याला आमच्याजवल औषद नाय, दवाखान्यात न्या," तो म्हणाला. आईने मात्र पलीकडच्या फलकावर विश्वास ठेवला: 'मधुमेह मुळापासून बरा!' डबा आला, दवाखान्याच्या गोळ्या थांबल्या. चार महिन्यांत तिने पायाचे बोट गमावले.

१९५४चा औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ५४ आजारांवरील अशा दाव्यांना मनाई करतो. मधुमेह त्यात आहेच. पहिल्या गुन्ह्यास फार तर सहा महिने कैद. गंमत अशी, की विनानोंदणी वैद्यकीस मनाई करणाऱ्या १९६१च्या राज्य अधिनियमाच्या कचाट्यात तो प्रामाणिक वैदूही सापडू शकतो.

तक्रारअर्ज आम्ही लिहिला. "मीच भुलले, लोक हसतील," आई म्हणाली. अर्ज अजून खणातच आहे.